साडेसात

लोकांना शनीची लागते, साडेसात वर्षं.
मला लागलीय दिवसातून दोनदा,
सकाळचे साडेसात, रात्रीचे साडेसात.
मारुतीला तेल वाहून ही उतरत नाही.

आधी मुंग्या आल्या.
न्हाणीच्या कोपऱ्यात, जिथं मुनीम मुततो तिथं,
काळ्या, शिस्तीत, पंगतीला बसल्यासारख्या.
मला कळायला पाहिजे होतं.
माझ्या बापाच्या वेळी बी अशाच आल्या होत्या.

मुनीम म्हणजे बोका. सेलूच्या मोंढ्यातून
माझ्यासोबतच रिटायर झालेला.
तुरीच्या थप्प्यांवर उंदीर मारायचा
आन दुपारी माझ्या रोजमेळावर झोपायचा,
जमेच्या बाजूला.
आता पाण्याचं वाडगं दिवसात तीनदा रिकामं,
मागचे पाय टाचेवर टेकत चालतो,
खाटेकडं बघतो आन खालीच बसतो,
जसं काय वर यायचंच नव्हतं.

परभणीच्या जनावरांच्या दवाखान्यात
बैल, म्हशी, शिंग मोडलेली एक शेळी,
आन बाकावर पिशव्यांत मांजरं घेऊन तिघं.
डॉक्टरांनी सांगितलं ते निम्मं कळलं.
उरलेलं बाकावर कळलं.

जालन्याच्या जुबेदा आपांनी मुनीमची
मानेमागची कातडी चिमटीत उचलली.
"ऐसा तंबू करो. सुई तंबू में, बिल्ली में नक्को."
मानवतची बारावीतली अन्विता म्हणाली,
"काका, आधी खाऊ द्या. उपाशीपोटी कधीच नाही,"
आन माझ्या तिकिटाच्या पाठीवर वेळा लिहून दिल्या.
गंगाखेडचे कंडक्टर व्यंकट लोमटे,
त्यांची चिंगी दोन वर्षं सुईवर,
म्हणाले, "औषधाचं टेन्शन घेऊ नका.
थर्मासात बर्फ, थर्मास माझ्या सीटखाली.
तुम्ही फक्त स्टँडवर उभं राहा."

तवापासून उभा राहतो.

पहिली सुई तंबूतून आरपार गेली.
औषध केसांवर, मुनीम कपाटाखाली,
मी पलंगाच्या कडेला, घामानं चिंब.
मे महिन्यात दोन दिवस लाईट नव्हती.
कुपी फडक्यात, फडकं मडक्यात, मडकं ओल्या वाळूत,
हे लोमट्यांनी फोनवर सांगितलं,
मधेच "मागं सरका, मागं सरका" करत.

आन ती रात्र.
दोन वाजता मुनीम भिंतीला डोकं लावून उभा,
पाय लटलट.
कानाच्या कडेला टोचलं. यंत्रावर अडतीस.
चाळीस वर्षं आकडे लिहिले,
कोणत्याच आकड्याला एवढा भ्यालो नव्हतो.
आपांनी पहिल्याच रिंगला उचलला.
"साखरेचं पाणी चोळा हिरड्यांना.
पिलाव नक्को, ठसका लगेगा."

मी चोळत होतो. त्या बोलत नव्हत्या.
जालन्याहून फक्त त्यांच्या पंख्याची करकर येत होती.
पंचेचाळीस.
मग कितीतरी वेळ पंखाच.
एकसष्ट.
अजान झाली तेव्हा म्हणाल्या,
"मेरी शहजादी तो रमजान में गई, भाई."
चार महिने होऊन गेले होते.
फोन अजून उशालाच ठेवायच्या.

मग, "आज सुई नक्को. फक्त आकडा बघा.
और तुम्हारी कितनी है?"
"माझी काय?"
"शुगर, जी."
मी म्हणालो, रेंज गेली,
आन फोन ठेवला.

साडेसातला मुनीमचा कान. एकशे नव्वद.
डबीत एक पट्टी उरली होती.
माझं बोट. दोनशे सत्त्याऐंशी.
मुनीमनं वाडग्यातून तोंड वर काढून पाहिलं,
जुन्या वहीत खाडाखोड सापडावी तसं.

आपांना अजून सांगितलं नाही.
लोमट्यांना सांगितलं, स्टँडवर,
गाडी सुटता सुटता.
ते दारातून ओरडले,
"मग थर्मास मोठा घ्यावा लागंल की!"
आन दोनदा घंटी मारली.